श्रावणात दारू सोडताय? आधी पहिले पाच दिवस समजून घ्या

नमस्कार मंडळी.

गटारी झाली की निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "उद्यापासून श्रावण, आता महिनाभर थेंब नाही." कुणी माळ घालतं, कुणी देवापुढं नारळ ठेवून शपथ घेतं. घरच्यांना हायसं वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिसरी रात्र वेगळीच निघू शकते. तो भिंतीवर नसलेले किडे झटकतो, कोपऱ्यात कुणी नसताना बोलतो, घामानं चिंब होतो, घरच्यांना ओळखत नाही. मग शेजारी म्हणतात बाहेरचं लागलं, आणि गाडी देवरशाकडे वळते.

हे बाहेरचं नाही. दारू अचानक तोडल्यावर मेंदूत उठलेलं हे वादळ आहे. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो, आणि वेळेत मिळाले तर बहुतेक जण वाचतात. म्हणून आज फक्त एवढंच बोलायचं आहे की दारू सोडायची, पण कुठल्या क्रमानं.

आधी मेंदूत काय होतं ते बघू. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत उतारावर निघालेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढं आणा. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज ब्रेक दाबलेला असला की मेंदू आपलं काम चालू ठेवण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेतो. वर्षानुवर्षं हे असंच चालतं, त्यामुळं दोन क्वार्टर पोटात असूनही माणूस सरळ चालताना दिसतो. मग एका सकाळी ब्रेकवरचा पाय अचानक निघतो. अ‍ॅक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. हाताचा कंप, घाम, धडधड, फिट, भास हे सगळं त्यातून येतं.

[पडद्यावर: शेवटच्या घोटापासूनचे तास]

वेळापत्रक साधारण असं असतं. सहा ते आठ तासांत हात थरथरतात, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दिवसभरात काहींना आवाज ऐकू येतात. फिट येण्याचा मोठा धोका पहिल्या 48 तासांत. आणि 48 ते 96 तासांच्या मध्ये ते वादळ, म्हणजे तिसरा-चौथा दिवस. घरचे इथंच फसतात. दोन दिवस नीट गेले की वाटतं, सुटलो. म्हणून शेवटचा घोट कधी घेतला, तो वार आणि ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना तुमच्याकडून सगळ्यात आधी हीच गोष्ट हवी असते.

सगळ्यांनाच हा धोका असतो का? नाही. फक्त रविवारी, लग्नात, जत्रेत पिणाऱ्यानं बिनधास्त आजच थांबावं. धोका रोज पिणाऱ्याला. त्यातही सकाळी उठल्या उठल्या घोट घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही त्याला, आधी कधी फिट किंवा भास झालेल्याला, लिव्हरचा आजार असलेल्याला, आणि दिवसाला दोन क्वार्टर किंवा त्याहून जास्त लागणाऱ्याला. हिशेब सोपा आहे. व्हिस्की, रम, ब्रँडी काहीही असो, 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 90 मिलीच्या पाकिटात त्याच्या निम्मं. 650 मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत 40 ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याच्या तीन स्ट्राँग बाटल्या म्हणजे दोन क्वार्टरच झाल्या.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण दरवर्षी श्रावण पाळणाऱ्यांना ती कुणी सांगत नाही. "गेल्या वर्षी सोडली तेव्हा काही झालं नाही" हा भरवसा खोटा आहे. मेंदूला अचानक तोडण्याचा प्रत्येक झटका लक्षात राहतो आणि पुढचा झटका जास्त जोराचा येऊ शकतो. पाच श्रावण नुसत्या कंपावर निभावले आणि सहाव्याला फिट आली, असं होतं. अकरा महिने पिऊन एक महिना एकदम बंद, हे चक्र म्हणूनच शरीराला महागात पडतं. व्रत करणाऱ्याची श्रद्धा खरी असते. तिला औषधाची जोड द्या, एवढंच म्हणणं आहे.

तर क्रम काय? अमावास्येच्या आठवडाभर आधी डॉक्टर गाठा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीकडं, ऐन पावसात रात्री फिट आली तर बेळगाव गाठणं किती कठीण हे तुम्हाला माहीत आहे. आठ दिवस आधी भेटलं की घरी सोडता येईल की भरती व्हावं लागेल, हे शांतपणे ठरतं.

उपचारात दारूची जागा काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या गोळ्या घेतात. लिव्हर खराब असेल तर बहुधा लोराझेपाम. पहिल्या दिवशी डोस मोठा, मग रोज साधारण पाचव्या हिश्शानं कमी, पाच ते सात दिवसांत बंद. ट्रॅक्टरच्या ब्रेकवरचा पाय हळूहळू काढण्यासारखंच हे. डोस माणसागणिक बदलतो, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. स्ट्रिप घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवा आणि एका वेळी एकाच दिवसाच्या गोळ्या हातात द्या. या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावून बंद पडू शकतो. आणि सातव्या दिवसानंतर "झोप चांगली लागते" म्हणून त्या चालू ठेवल्या तर दुसरं व्यसन जडतं.

आता सलाईन. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून टाका" हे आपल्याकडं सर्रास चालतं, आणि गडबड नेमकी तिथं होते. दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, जवळपास संपलेलं असतं, कारण जेवण कमी आणि आतडीही ते नीट शोषत नाहीत. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिनच लागतं. आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बडबड, झोकांड्या, डोळ्यांची विचित्र हालचाल ही त्याची लक्षणं. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, बहुतेकांत दिसत नाहीत. म्हणून नियम असा की थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, नाहीतर निदान सोबत. साखर फारच उतरली असेल तर ग्लुकोजला उशीर करायचा नाही, दोन्ही एकदम द्यायचं. मेंदूवर परिणाम झाल्याचा संशय असेल तर 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, शिरेतून, अशी मोठी मात्रा वापरतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी तिथं पुरत नाही. बाटली लावताना एवढंच विचारा, "डॉक्टर, बी-1 दिलं का?" हा प्रश्न उद्धट नाही. चांगला डॉक्टर खूशच होईल.

फिट आलीच तर? कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. हातपाय दाबून धरू नका, डोक्याखाली घडी केलेलं कापड सरकवा, घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा. दारू सोडताना आलेली फिट दोन मिनिटांत थांबली तरी दवाखाना टळत नाही, कारण मागून दुसरी येऊ शकते.

पहिला आठवडा पार पडला म्हणजे शरीर दारूतून सुटलं. ओढ तशीच असते. खरं औषध इथून सुरू होतं, आणि बहुतेक लोक नेमके इथंच थांबतात.

या कामाची तीन जुनी, अभ्यासलेली औषधं आहेत. नालट्रेक्सोन, बहुधा 50 मिलिग्रॅम रोज, दारूची मजाच कमी करतं. पहिले काही दिवस मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावं. ट्रामाडॉलसारखी वेदनेची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर जोराचा त्रास होतो. दुसरं अकॅम्प्रोसेट. 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. लिव्हरला सोसतं, पण किडनी खराब असेल तर मात्रा कमी करावी लागते किंवा देताच येत नाही. दिवसाला सहा गोळ्या, त्यामुळं चुकतात फार. जेवणाच्या ताटाशेजारी डबी ठेवा.

तिसरं डायसल्फिराम. यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. माणसाला न सांगता आमटीत, चहात मिसळायच्या पावडरींच्या जाहिराती तुम्ही भिंतींवर पाहिल्या असतील. वहिनी, मावशी, तुमची हतबलता समजते, पण हे करू नका. पुडीत काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं, त्यालाही नसतं, आणि त्याचं हृदय कमजोर असेल तर तो उठायचा नाही.

नवीन काय? 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्याच वर्षी जामा या वैद्यकीय नियतकालिकात 118 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. अकॅम्प्रोसेट अकरा जणांना दिलं तर त्यांतला एक जास्तीचा माणूस दारूकडं परतत नाही. नालट्रेक्सोन अकरा जणांना दिलं तर एक जास्तीचा माणूस बेसुमार पिण्याकडं वळत नाही. हा आकडा छोटा वाटेल, पण रोजच्या कितीतरी औषधांच्या तोडीचा आहे. 2025 च्या सुरुवातीला सेमाग्लुटाइड या मधुमेह-वजनाच्या इंजेक्शनचा 48 जणांवरचा नऊ आठवड्यांचा अभ्यास आला. ओढ आणि पिण्याचं प्रमाण कमी झालं, पण अभ्यास लहान आहे. त्यासाठी आज पैसे घालू नका.

आपल्या देशाचं दुखणं वेगळं आहे. 2019 मध्ये एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणात दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. औषध आहे, माणूस पोचत नाही.

पोचायचं कुठं? बेळगावला बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं सिव्हिल हॉस्पिटल, पुढं धारवाडचं डिम्हान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय. कर्नाटकच्या मनोचैतन्य योजनेत तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. तुमच्याकडं कुठला मंगळवार, ते आधी विचारून जा. कन्नड पाटी वाचता येत नसेल तर कुणालाही "मानसिक आरोग्य विभाग" एवढंच विचारा, हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. घरून बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असाल तर नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, डॉक्टर रोज येतात का विचारा, भेटायला देतात का विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसन येतं, आणि त्या कायद्यानं साखळीनं बांधायला मनाई आहे. "पहिले पंधरा दिवस फोनही नाही" असं सांगणाऱ्या केंद्राच्या दारातूनच परत फिरा.

आणि श्रावण संपल्यावर? नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांतली जी गोळी चालू असेल ती किमान सहा महिने, म्हणजे दसरा-दिवाळी ओलांडून पुढं. मधे एखाद्या दिवशी घसरला तर आरडाओरडा नको आणि गोळ्या फेकायच्याही नाहीत. नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर दुसऱ्या दिवशी तशीच चालू ठेवायची. डायसल्फिराम असेल तर थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. पुढच्या तारखेला जाताना रिकाम्या आणि उरलेल्या, दोन्ही स्ट्रिपा पिशवीत घ्या. किती गोळ्या चुकल्या ते त्यावरून कळतं, आणि डोस त्यावरच ठरतो.