आभाळ फाटतं तेव्हा पणाला कोण लागतं?

नमस्कार मंडळी,

सुपरहिरोंच्या चित्रपटात संकट दर वेळी आधीपेक्षा मोठं लागतं. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मधलं भांडण मुळात एका कंपनीतल्या दोन माणसांचं होतं. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये न्यूयॉर्कवर आभाळातून फौज उतरली. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये थॅनॉस या खलनायकाने जादूचे मणी गोळा करून, चुटकी वाजवून विश्वातले अर्धे जीव संपवले. आणि २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’पर्यंत तर एक विश्वही पुरेनासं झालं.

यात तिकीटबारीचा हिशेब आहेच. पण मला या वाढत्या संकटांत अध्यात्माचा एक जुना प्रश्न दिसतो. अर्धं विश्व गेलं, हे आपल्या मनात मावतच नाही. मावतो तो टोनीला, म्हणजे आयर्न मॅनला, बिलगून ‘मला जायचं नाहीये’ म्हणणारा, त्याच्या हातातच राख होणारा पीटर, म्हणजे पोरसवदा स्पायडर-मॅन. मग एवढं मोठं विश्व पणाला लावायचं कशासाठी?

पण वाढत जाण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. द्यूतसभेत युधिष्ठिर आधी धन लावतो, मग एकेक भाऊ, मग स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला. ती सभेला विचारते की त्याने आधी कोणाला हरलं, मला की स्वतःला? सभेत भीष्म बसलेत, द्रोण बसलेत, आणि सरळ उत्तर कोणाकडेच नाही. डाव केवढा होता, हे ती विचारतच नाही. तो लावण्याचा अधिकार कोणाला होता, एवढंच ती विचारते.

हाच प्रश्न घेऊन ‘इन्फिनिटी वॉर’मधल्या व्होर्मिर ग्रहाच्या कड्यावर चला. थॅनॉसला हव्या असलेल्या मण्यांपैकी एक तिथे आहे, आणि तो हवा असेल तर आपलं प्रिय माणूस द्यावं लागतं. थॅनॉस मुलीला, गमोराला, ओढत कड्यापर्यंत नेतो आणि खाली फेकतो. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि ते खरं आहे असंच मला वाटतं. २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये गेलेले जीव परत आणायला तोच मणी हवा म्हणून त्याच कड्यावर नताशा आणि क्लिंट हे दोन अ‍ॅव्हेंजर्स, जिवलग मित्र, येतात. तेही झटापट करतात, पण ती आपण मरावं आणि दुसऱ्याने जगावं म्हणून. क्लिंट उडी घेतो, ती त्याच्यामागे झेपावते, त्यालाच दोराने अडकवून ठेवते आणि स्वतः हात सोडवून घेते. कडा तोच, मणीही तोच. पण दुसऱ्याचा जीव देणाऱ्याला कितीही रडू आलं, तरी त्याला त्याग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

तेव्हा खरी चढण बाहेरची नाहीच. शहर, पृथ्वी, विश्व हा पसारा मोठा होतो तो नायकाला आत आणखी एक पायरी चढायला लावण्यासाठी. आधी सुख सुटतं, मग जीव. जिवाच्याही पलीकडे एक पायरी आहे, ती म्हणजे नाव. ‘एंडगेम’च्या शेवटी थॅनॉसला संपवायला टोनी स्टार्क ‘मी आयर्न मॅन आहे’ असं म्हणत चुटकी वाजवतो आणि मरतो. ते बलिदान मोठंच आहे. पण जग त्याला ओळखतं, त्याच्यासाठी रडतं. ‘नो वे होम’मध्ये पीटर पार्कर जिवंत राहतो, आणि दुसऱ्या विश्वांतून येणारं संकट थांबवायला सगळ्या जगाने आपल्याला विसरावं असं स्वतःच्या तोंडाने मागतो. कर्म राहिलं, कर्ता पुसला गेला. फळाची आशा सोडा म्हणून आपण नेहमी सांगतो, पण ओळखीची आशासुद्धा सुटलेली इतक्या स्पष्टपणे मी पडद्यावर क्वचितच पाहिली.

शेवटी तो त्याची प्रेयसी एमजे काम करते त्या दुकानात जातो. तीही त्याला विसरलेली असते. काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलेलं असतं. तिच्या कपाळावर पट्टी दिसते, त्याच लढाईतल्या जखमेची. तो कॉफी मागतो आणि न सांगता निघून जातो.

मुलांनो, इथे मला तुमचं मत हवं आहे. मला हा संन्यासच वाटतो. पण ‘तुला शोधून काढेन आणि सगळं सांगेन’ असं वचन त्याने एमजेला दिलं होतं, आणि ते मोडायचं त्याने एकट्याने ठरवलं. तिच्या आठवणीही पणाला लागल्याच होत्या की. द्रौपदीचा प्रश्न पीटरलाही लागू पडतो का? आता तुम्ही बोला.