आधी कोनी मोजेल व्हतात का?

(दृश्य: प्रकाशा, तापीचा घाट, पहाट)

इथे गोमाई तापीला मिळते. तापी पुढे उकाईच्या धरणातून जाते आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. आम्हा खानदेशींचं समुद्राशी नातं या पाण्यापुरतंच. तरी ही गोष्ट समुद्राची आहे, आणि तिची सुरुवात साक्रीच्या पठारावर झाली.

(दृश्य: ब्राह्मणवेल, पवनचक्क्या)

परवा आबांना विचारलं, "या चक्क्या आल्यापासून घारी, गरुड कमी झाले का हो?"

आबा म्हणाले, "आधी कोनी मोजेल व्हतात का रे?"

समुद्राच्या लाटांपासून वीज काढणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो: यंत्र येण्याआधी तिथले प्राणी कुणी मोजले होते का? आपल्याकडे केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं असं यंत्र बसलं होतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर तर अशा यंत्रांच्या चाचण्यांचं केंद्रच आहे. तिथे माणसं किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर दुर्बीण घेऊन बसत आणि सील, डॉल्फिन, देवमासे दिसतील तसे टिपून ठेवत.

पण हे प्राणी वर येतात ते श्वासापुरते. डॉल्फिनच्या भाऊबंदांतला छोटा पॉर्पॉइज सेकंदाला सुमारे १ लाख ३० हजार कंपनांचे 'टिक-टिक' आवाज काढून वाट आणि भक्ष्य शोधतो. आपला कान २० हजारांपलीकडे बहिरा. म्हणून हे आवाज पकडणारी यंत्रं महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवतात. जो प्राणी कानाने जग पाहतो, त्याला गोंगाट म्हणजे अंधार. तळात खांब ठोकताना तो सर्वांत जास्त होतो. लाटांची बरीचशी यंत्रं नांगरून तरंगती ठेवतात, तेवढा दिलासा.

मला खरी धास्ती वाटते ती नांगराच्या दोरांची. जाड, ताणलेल्या दोरात देवमासा अडकण्याची शक्यता कमी. पण वाहत आलेली फाटकी जाळी त्या दोराला अडकली, तर तिथे फास तयार होतो, आणि वरून कुणाला तो दिसत नाही.

(दृश्य: कपाशीचं शेत)

नुसतं आधी आणि नंतर मोजून भागत नाही. मासळी सरकली की डॉल्फिनही सरकतात. दोष यंत्राचा नसतो. म्हणून यंत्र नसलेला, तशाच पाण्याचा दुसरा पट्टाही मोजतात. नवं खत कपाशीला मानवतं का हे पाहायला दोन ओळी बिनखताच्या ठेवाव्यात, तसंच हे.

उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड खाडीत २००८ मध्ये भरती-ओहोटीवर चालणारं यंत्र बसलं. त्याला फिरती पाती, म्हणजे धोका थेट. सील जवळ आलेला सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या उपकरणावर, दिसला की यंत्र थांबवत. सील खाडी सोडून गेले नाहीत. मात्र पाण्याची ओढ मंदावते त्या वेळी त्यांची ये-जा जास्त होऊ लागली. एवढा बारीक फरक कळला, कारण २००६ मध्येच, यंत्र येण्याआधी, काही सीलांच्या अंगावर माग सांगणारी उपकरणं लावून ठेवली होती.