आयत्या वेळी ठरलेलं

नमस्कार. गेली बरीच वर्षं मी घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करतोय. लोकांना वाटतं, या व्यवहारात भांडणं होतात ती किमतीवरून. किमतीवरून फारच कमी होतात हो. ती आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही प्रकारे लिहिलेली असते. भांडण पेटतं ते खरेदीखताच्या आधीच्या तीन-चार दिवसांत, दारात उभ्या उभ्या ठरलेल्या गोष्टींवरून. "हॉलमधलं झुंबर राहू दे तुम्हाला." "ती ओल ना? मी करून देतो, काळजी नको." "आमचं सामान हलेपर्यंत आठ-दहा दिवस राहिलो तर चालेल ना?" समोरचा म्हणतो, "चालेल हो, त्यात काय!" आणि त्या 'त्यात काय'मध्येच सगळं असतं.

मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत कोणीच खोटं बोलत नव्हतं. एकच बोलणं दोघांना दोन तऱ्हांनी आठवत होतं. विकणाऱ्याच्या लेखी 'करून देतो' म्हणजे रंगाचा एक हात. घेणाऱ्याच्या लेखी भिंत फोडून आतला पाइप बदलणं.

तोंडी शब्दावर घर चालत नाही, ही अक्कल जुनी आहे. इंग्लंडच्या संसदेने 1677 साली कायदाच केला: जमिनीच्या व्यवहाराचा करार लेखी हवा, त्यावर सही हवी, नाहीतर न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येणार नाही. कारण सरळ होतं. भाडोत्री साक्षीदार उभे करून न झालेले करार सिद्ध केले जात होते. पुढे 1989 मध्ये तिथला नियम आणखी कडक झाला. दोघांनी मान्य केलेल्या सगळ्या अटी एकाच लेखी दस्तात आल्या पाहिजेत, किंवा त्या दस्तात दुसऱ्या कागदाचा उल्लेख तरी हवा. जर्मनीत तर घराचा करार नोटरीपुढेच करावा लागतो, आणि त्याचा भाग असलेले लहानसहान ठरावही तिथेच यावे लागतात. एखादा बाहेर ठेवलात तर अख्खा करार रद्दबातल ठरू शकतो. मालमत्तेच्या नोंदवहीत नवं नाव चढल्यावरच तो दोष भरून निघतो. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्याकडे काय चालतं ते तुमच्या वकिलाला विचारा. पण रोख सगळीकडे तोच.

कोणीतरी लगेच मोबाइल दाखवतं. "व्हॉट्सॲपवर लिहिलंय की!" असू दे. काय बोलणं झालं याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होईलही. पण तुमच्या मूळ करारात असं एक कलम असण्याची दाट शक्यता आहे: 'दोघांच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय यात कोणताही बदल होणार नाही.' ही ओळ कोणी वाचत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा कलमाला पूर्ण वजन दिलं. प्रकरण ऑफिसच्या जागेचं होतं. थकलेले पैसे कसे फेडायचे याचं नवं वेळापत्रक फोनवर ठरलं, असं एका बाजूचं म्हणणं होतं. ते बोलणं करार बदलू शकलं नाही.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं ते पाहू. लोक लिहितात: 'विक्रेता ओल दुरुस्त करून देईल.' या वाक्यात किती भोकं आहेत बघा. कुठली ओल? कधीपर्यंत? कोणाकडून? झाली की नाही हे कोणी ठरवायचं? मी असं लिहीन: 'मागच्या खोलीच्या खिडकीखालील भिंतीत, सोबतच्या फोटो क्रमांक 2 मध्ये दिसणारी गळती, विक्रेता स्वखर्चाने खरेदीखताच्या तारखेपासून एकवीस दिवसांत, दोघांनी मान्य केलेल्या प्लंबरकडून बंद करून घेईल. काम झाल्यावर बाहेरून एक तास पाणी मारून आतली भिंत कोरडी राहिल्याचं दोघे मिळून पाहतील.' वाचायला रुक्ष आहे खरं. पण महिन्याभराने तुम्ही दोघं त्या भिंतीसमोर उभे राहाल तेव्हा वाद घालायला फारसं काही उरलेलं नसेल.

तरीही हे अर्धंच झालं. काम झालंच नाही तर काय, हे लिहिलंय कुठे? लोक नेमकं हेच गाळतात, कारण ते विचारताना जीभ अडखळते. विचारा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे किमतीतली ठरावीक रक्कम तिऱ्हाइताकडे, बहुधा वकिलाकडे, अडकवून ठेवायची. काम झालं की विक्रेत्याला, मुदत टळली की घेणाऱ्याला. रक्कम दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा थोडी जास्तच ठेवा. एरवी पैसे पूर्ण हातात पडल्यावर प्लंबरला फोन लावायची घाई कोणाला असते?

इंग्रजी वळणाच्या कायद्यात आणखी एक खाच आहे. खरेदीखत झालं की आधीच्या करारातली वचनं त्यात विरून गेली, असं धरलं जाऊ शकतं. म्हणून 'हे कलम खरेदीखतानंतरही बंधनकारक राहील' एवढी ओळ जोडायची. शाई फार लागत नाही.

झुंबर, पडदे, गिझर यांची नुसती यादी करा. खोलीवार, फोटोसकट. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

'आठ दिवस राहतो' हे मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. खरेदीखत झालं, घर तुमचं झालं, आणि आत जुना मालक. तो आता कोण? पाहुणा की भाडेकरू? भाडं घेतलंत तर काही ठिकाणी भाडेकरूचं संरक्षण त्याला मिळू शकतं, मग बाहेर काढायला न्यायालयात जा. म्हणून कागदावर लिहा की ही केवळ राहण्याची तात्पुरती परवानगी आहे, आणि ती अमुक तारखेला, अमुक वाजता संपते. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला किती रक्कम, तेही लिहा, आणि ती बोचेल इतकी ठेवा. अनामत घ्या. मीटरचे आकडे दोघांनी मिळून टिपा, किल्ल्या मोजून लिहा. आणि विमा! त्या आठ दिवसांत आग लागली तर घराचं नुकसान कोणाचं, आतल्या सामानाचं कोणाचं? दोघांनी आपापल्या विमा कंपनीला आधीच कळवावं. माझ्याकडच्या एका व्यवहारात आठ दिवसांचे साडेतीन महिने झाले होते. कागद नव्हता. घेणारे सज्जन होते, एवढंच काय ते.

बँकेचं कर्ज असेल तर एक गोष्ट जरा कडक आवाजात सांगतो. किंमत कमी करायची ठरली, किंवा काही पैसे परत द्यायचे ठरले, तर ते बँकेला कळलंच पाहिजे. कर्ज कागदावरच्या किमतीवर मंजूर झालेलं असतं. 'हे आपल्या दोघांतच ठेवू' असं कोणी म्हणालं की मी पेन खाली ठेवतो. ती फसवणूक आहे.

सह्यांचं म्हणाल तर, पुरवणी करारावर, म्हणजे आयत्या वेळी ठरलेलं ज्या जोडकागदावर लिहायचं त्यावर, मूळ कराराची तारीख आणि मिळकतीचं वर्णन हवं, बाकीच्या अटी तशाच राहतील हेही हवं. मालक दोन असतील तर सह्याही दोघांच्या. दलालाची सही चालत नाही. त्याच्याकडे तसं लेखी अधिकारपत्र असेल तर गोष्ट वेगळी. हाताने खाडाखोड केलीत तर प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोघांची छोटी सही, आणि ती प्रत्येक प्रतीवर. एकाच प्रतीवर दुरुस्ती आणि दुसरी कोरी, असे दोन कागद न्यायालयात भेटले की फार मजा येते. वकिलांना.

मागून एक प्रश्न आलाय: सकाळी अकराला खरेदीखत आणि साडेदहाला काहीतरी नवीन ठरलं, तर? दहा मिनिटांत लिहून होण्यासारखं असेल तर तिथेच टेबलावर हाताने लिहा, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, सह्या घ्या. होण्यासारखं नसेल तर खरेदीखत उद्यावर ढकला. आता तुम्ही म्हणाल, सामानाचा ट्रक खाली उभा आहे. माहीत आहे मला. तो नेहमीच उभा असतो.