पटलेलं आणि पडताळलेलं

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या छातीला तारा चिकटवून चोवीस तास ईसीजीची नोंद घेतली, तर त्या नोंदीत अधूनमधून एखादा अवेळी पडलेला, रुंद, बेढब ठोका दिसतो. हृदयाचा ठेका वरच्या कप्प्यातल्या एका छोट्याशा केंद्रातून ठरतो. हा ठोका मात्र खालच्या कप्प्यातून, परवानगी न घेता उमटलेला असतो. अटॅकनंतर ज्यांच्या नोंदीत असे जादा ठोके जास्त दिसतात, ती माणसं पुढच्या काही महिन्यांत अचानक दगावण्याचं प्रमाणही जास्त असतं. हे 1970च्या दशकातच लक्षात आलं होतं. मग हे ठोके बंद करणारी औषधं आली. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही त्यांतली दोन गाजलेली नावं. गोळी सुरू केली की दुसऱ्या नोंदीत ठोके जवळजवळ नाहीसे झालेले दिसत. रुग्णाला तो कागद दाखवता येई आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरे. ज्या गोष्टीमुळे मृत्यू येतो ती आपण पुसून टाकली, असं डॉक्टरलाही वाटे.

ही औषधं खरोखर आयुष्य वाढवतात का, हे तपासायचं अमेरिकेत ठरलं, तेव्हा काही डॉक्टरांना तो विचारच अनैतिक वाटला. अर्ध्या रुग्णांना औषध नसलेली गोळी द्यायची म्हणजे त्यांना जाणूनबुजून धोक्यात ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही अभ्यास झाला. त्याला 'कास्ट' म्हणतात. त्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती: ज्या रुग्णांचे जादा ठोके या औषधांनी दबतात हे आधी करून पाहिलं, त्यांनाच पुढे घेतलं. मग चिठ्ठी टाकावी तसं निव्वळ योगायोगावर सोपवून निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

1989च्या एप्रिलमध्ये या दोन औषधांपुरता हा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. या दोन औषधांच्या चाचणीत एकूण 1,498 रुग्ण होते आणि सरासरी दहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांत 26 मृत्यू झाले. औषध घेणाऱ्यांत 63.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. कारण हे औषध निकामी नव्हतं. ते जे करतं असं सांगितलं जात होतं, ते त्यानं अगदी चोख केलं होतं. ईसीजीचा कागद स्वच्छ होता आणि माणसं मरत होती.

असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो, तिथे वण तयार होतो. विजेची लाट स्नायूतून पुढे सरकते तेव्हा या वणाला वळसा घालून जाते. ती लाट भरभर गेली, तर वणाच्या पलीकडे पोहोचून विझते, कारण मागचा स्नायू अजून सावरलेला नसतो, तो नव्यानं पेट घेऊ शकत नाही. ही औषधं पेशींमध्ये सोडियम शिरण्याची वाट अडवतात, त्यामुळे लाट संथ होते. संथ लाट वळसा घालून परत येईपर्यंत मागचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो. मग लाट विझत नाही, वणाभोवती गरागरा फिरत राहते. नदीच्या पात्रात खडकाशेजारी भोवरा धरतो, तसा. तो भोवरा म्हणजे जीवघेणी लय. सुट्या ठोक्यांना गप्प करणारा तोच गुण, जखमी हृदयात, माणसाचा घात करत होता. फ्लेकायनाइड आजही वापरात आहे, पण ज्यांच्या हृदयाच्या रचनेत बिघाड नाही अशांसाठी. औषधाला वाईट म्हणून मोकळं होता येत नाही, ते कुठल्या हृदयात पडतंय यावर सगळं अवलंबून असतं.

मला आज हेच बोलायचं आहे. हृदयाच्या बाबतीत बुद्धीला पटलेलं आणि रुग्णांवर पडताळलेलं यांत केवढं अंतर असू शकतं, याबद्दल.

हे अंतर हृदयातच जास्त का दिसतं? माझ्या मते, हृदय आपल्याला कळलंय असं फार सहज वाटतं म्हणून. मुठीएवढा पंप, वजन साधारण तीनशे ग्रॅम, मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त, दिवसाला लाखभर ठोके. पंप म्हटला की सगळे उपाय नळकाम करणाऱ्यासारखे सुचू लागतात: नळी तुंबली तर उघडा, जोर कमी पडला तर वाढवा. पण हा पंप जिवंत आहे, स्वतःचं पोट त्याला स्वतःच भरावं लागतं आणि त्यात एक अडचण आहे. आकुंचन पावताना डाव्या कप्प्याचा स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या पिळून धरतो. त्यामुळे त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोक्यांची गती दुप्पट झाली, की आकुंचनाचा वेळ थोडासाच घटतो, विसावा मात्र निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे काम वाढतं आणि जेवणाची सुट्टी आखडते. एरवीसुद्धा हा स्नायू आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतो, म्हणजे शिल्लक फारशी नसतेच.

आता हार्ट फेल्युअरचं पाहा. नाव भयंकर आहे, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला जमत नाही, मग पायांवर सूज, जिना चढताना दम, रात्री आडवं झालं की घुसमट. मी शिकत होतो तेव्हा अशा रुग्णाला बीटा ब्लॉकर देणं ही परीक्षेत नापास होण्याची खात्रीची वाट होती. कारण साधं होतं: ही औषधं ठोक्यांची गती आणि जोर दोन्ही कमी करतात. हृदय आधीच दुबळं, त्याचा उरलासुरला जोरही काढून घ्यायचा?

पण 1975 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली होती. हृदयाचा स्नायू दुबळा, गती वाढलेली, अशा माणसांना त्यांनी बीटा ब्लॉकर जपून दिलं आणि ती माणसं सुधारली. सात रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही. बऱ्याच जणांनी दुर्लक्ष केलं आणि एवढ्या पुराव्यावर कोणी सरसकट औषध सुरू केलं नाही, हेही योग्यच झालं.

याच काळात उलट दिशेचीही औषधं तयार होत होती, हृदयाचा जोर वाढवणारी. मिलरिनोन गोळीच्या रूपात दिलं की रुग्णाचं पंपिंग सुधारे. 1991 साली त्याच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: औषध घेणाऱ्यांत मृत्यू 28 टक्क्यांनी जास्त. दमलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं झपाझप टाकतो आणि मग बसतो, तसं घडत होतं. हृदय दुबळं झालं की शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलीनच्या जातीची द्रव्यं सोडून त्याला टोचत असतं. काही तास ते जीव वाचवतं, महिनोन्‌महिने चाललं तर स्नायूच्या पेशी मारतं.

1999 साली मेरिट-एचएफ या चाचणीचे आकडे आले. हार्ट फेल्युअरचे 3,991 रुग्ण, निम्म्यांना मेटोप्रोलोल. दुसऱ्या गटात 217 मृत्यू, मेटोप्रोलोलच्या गटात 145. त्याच वर्षी बायसोप्रोलोलच्या चाचणीतही मृत्यू जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात, तिसऱ्या हिश्श्याने, घटले. अगदी थोड्या मात्रेनं सुरुवात करायची आणि आठवड्या-आठवड्यांनी वाढवत न्यायची, ही पद्धतही त्यातून पक्की झाली. पहिल्या दिवसांत रुग्णाला थोडं बरं न वाटण्याची शक्यता असते, त्याच टप्प्यावर धीर सोडायचा नसतो. जे देणं चूक होतं, ते न देणं चूक ठरलं. सात रुग्णांपासून इथवर यायला चोवीस वर्षं लागली. त्या वर्षांत आपण कितीजणांना हे औषध दिलं नाही, हा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो. घाईनं जीव जातात तसे उशिरानंही जातात.

शस्त्रक्रियेचं काय? तिथे तर परिणाम डोळ्यांसमोर दिसतो, असं आपण म्हणतो. 1950च्या दशकात छातीत दुखणाऱ्या हृदयरुग्णांवर एक ऑपरेशन होत असे. छातीच्या आतल्या बाजूने उतरणाऱ्या दोन धमन्या बांधून टाकायच्या, म्हणजे तिथलं अडलेलं रक्त हृदयाकडे वळेल. बरेच रुग्ण सांगत की दुखणं कमी झालं. 1959 साली लिओनार्ड कॉब यांच्या गटानं 17 रुग्णांवर पडताळणी केली. काहींच्या धमन्या खरोखर बांधल्या, काहींच्या छातीवर फक्त छेद घेऊन तो शिवून टाकला. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटानं केलेल्या तशाच अभ्यासात तेच दिसलं आणि ते ऑपरेशन इतिहासजमा झालं. त्या रुग्णांचं दुखणं खोटं नव्हतं आणि बरं वाटणंही खोटं नव्हतं. काळजीनं केलेल्या उपचाराचा तेवढा परिणाम मनावर आणि मनातून शरीरावर होतोच. छेद पुरेसा होता, धमनी बांधण्याची गरज नव्हती, एवढंच.

हाच प्रश्न स्टेंटला विचारायला 2017 साल उजाडलं. ब्रिटनमधल्या 'ऑर्बिटा' अभ्यासात, चालताना छातीत भरून येणारे, एका वाहिनीत मोठा अडथळा असलेले 200 रुग्ण होते. आधी सहा आठवडे सगळ्यांची औषधं नीट बसवली. मग सर्वांना गुंगी देऊन, कानांवर हेडफोन लावून टेबलावर घेतलं, निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची क्षमता मोजली तेव्हा दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. त्याच गटानं 2023 साली, छातीदुखीची औषधं थांबवलेल्या 301 रुग्णांवर पुन्हा प्रयोग केला, तेव्हा स्टेंटनं दुखणं कमी होतं हे स्पष्ट दिसलं. म्हणजे स्टेंटचा उपयोग आहे, पण चांगली औषधं चालू असतील तर तो वाटतो तेवढा मोठा नाही. आणि अशा स्थिर रुग्णांत स्टेंटनं आयुष्य वाढतं का, याचं उत्तर 2007 सालच्या 2,287 रुग्णांच्या 'करेज' चाचणीनं आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 5,179 रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीनं दिलं: औषधांनी नीट उपचार केलेल्यांपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत.

इथे मी थांबून जोर देऊन सांगतो, कारण हे वाक्य अर्धवट ऐकलं तर कोणाचा तरी जीव जाईल. हे सगळं स्थिर दुखण्याबद्दल आहे. हार्ट अटॅक चालू असताना वाहिनी तातडीनं उघडणं जीव वाचवतं. तिथे प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अटॅकचं कारण रक्ताची गुठळी आहे, असं जेम्स हेरिक यांनी 1912 सालीच मांडलं होतं, तरी गुठळी आधी की अटॅक आधी यावर कित्येक दशकं वाद चालला. 1980 साली मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी ऐन अटॅकमध्ये अँजिओग्राफी करण्याचं धाडस केलं आणि पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी 87 टक्क्यांची वाहिनी पूर्ण बंद असल्याचं दाखवलं. वाद मिटला. 1988 सालच्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन, दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी 8 टक्के मृत्यू झाले, दोन्ही न मिळालेल्यांत 13.2 टक्के.

त्याच अहवालात लेखकांनी मुद्दाम एक तक्ता दिला होता. जन्मतारखेवरून रुग्णांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी काढल्या, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग झालेला दिसत नव्हता, बाकी सगळ्यांना भरघोस झाला होता. हजारो माणसांचे आकडे हवे तसे वाटून पाहिले, की असं काहीतरी कुठेतरी निघतंच. राशी आहेत म्हणून आपण हसतो. त्याच जागी वय, वजन किंवा रक्तातला एखादा घटक असता, तर आपण त्यावर परिसंवाद भरवले असते.

पडताळणी एकदा झाली की संपली, असंही नाही. अटॅकनंतर बीटा ब्लॉकर देण्याची रीत ज्या चाचण्यांवर उभी आहे, त्या वाहिन्या लगोलग उघडण्याच्या काळापूर्वीच्या आहेत. 2024 साली 5,020 रुग्णांच्या अभ्यासात, अटॅकनंतरही ज्यांचं पंपिंग चांगलं राहिलं अशांना या औषधानं मृत्यू किंवा दुसरा अटॅक टळल्याचं दिसलं नाही. तुमच्यापैकी कोणी ही गोळी घेत असाल तर कृपा करून घरी जाऊन ती स्वतःहून बंद करू नका. ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं आणि तुमच्याकडे ती घेण्याचं दुसरं कारण असू शकतं. डॉक्टरांना विचारा.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. मधुमेहाच्या एका औषधानं अटॅकचं प्रमाण वाढत असावं अशी शंका आल्यावर, 2008 सालापासून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधानं हृदयाला अपाय होत नाही हे दाखवायला सांगितलं. म्हणजे या चाचण्या अपाय शोधायला निघाल्या होत्या. 2015 साली एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल आला. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. 7,020 मधुमेही रुग्णांत हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी कमी झालेलं होतं. कोणी तसं होईल म्हटलं नव्हतं. मग 2019 साली त्याच जातीचं डापाग्लिफ्लोझिन हार्ट फेल्युअरच्या 4,744 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना दिलं. चाचणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा त्यांनाही तितकाच झाला. हे औषध हृदयात नेमकं काय करतं यावर संशोधकांत आजही वाद चालू आहे. कोणी मूत्रपिंडाकडे बोट दाखवतं, कोणी स्नायूच्या इंधनाकडे, कोणी सोडियमकडे. माझ्याकडे येणारी, पूर्वी दोन उशा लावून झोपणारी काही माणसं आता एका उशीवर झोपतात.