वेड पांघरून बेटावर: नेली ब्लाय आणि नाव बदलून लिहिणाऱ्या पोरी

हे चित्र नीट बघा. आरशासमोर एक मुलगी उभी आहे, डोळे जमतील तेवढे मोठे केलेत आणि पापणी न हलवता स्वतःकडेच एकटक बघतेय. वेडी माणसं अशीच बघतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून ही रात्रीची प्रॅक्टिस, आणि मध्ये मध्ये भुताच्या गोष्टी वाचायच्या, म्हणजे मनात खरीच भीती बसेल. साल १८८७, महिना सप्टेंबर, शहर न्यूयॉर्क. मुलगी २३ वर्षांची आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात भरती व्हायचंय.

तिचं खरं नाव एलिझाबेथ कॉक्रन. जन्म १८६४ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील गिरणीमालक, पण ती सहा वर्षांची असताना गेले, मृत्युपत्र न करता, आणि घराची रयाच गेली. आईने दुसरं लग्न केलं, नवरा मारहाण करणारा निघाला, शेवटी कोर्टात जाऊन घटस्फोट घ्यावा लागला. हे सगळं त्या पोरीने जवळून बघितलेलं. १८८५ मध्ये 'पिट्सबर्ग डिस्पॅच' या पेपरात एका गृहस्थाने लिहिलं की बाईची जागा घरात, तेव्हा हिचा पारा चढला आणि हिने 'एकटी पोरकी मुलगी' अशी सही करून पेपरला पत्र पाठवलं. एडिटरला पत्र इतकं भावलं की त्याने पेपरातूनच विचारलं, बाई कोण आहेस, ये. ती गेली. नोकरी मिळाली आणि नावही मिळालं, त्या काळच्या एका गाजलेल्या गाण्यातलं, नेली ब्लाय. (तेव्हा बाईने पेपरात स्वतःच्या नावाने लिहिणं सभ्य मानत नसत.)

कारखान्यातल्या मुलींवर लिहिलं तर तिला बागकाम आणि फॅशनच्या पानावर ढकललं. मग ती मेक्सिकोला जाऊन सहा महिने तिथून लिहित राहिली, परत आल्यावर पुन्हा तेच पान. शेवटी सरळ न्यूयॉर्क गाठलं, जोसेफ पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये. तिथे तिला काम सांगितलं ते हे, की ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या बायकांच्या वेड्यांच्या इस्पितळात पेशंट म्हणून जा आणि आत काय चालतं ते लिही. तिने विचारलं, मला बाहेर कसं काढाल? एडिटर म्हणाला, ते माहीत नाही, पण काढू.

एवढ्या शब्दावर ती गेली हो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा याच ठिकाणी थांबलो होतो. बेट नदीच्या मध्यात, पोचायला फक्त बोट, आणि हातात फक्त एक तोंडी आश्वासन.

'नेली ब्राउन' असं आणखी एक नाव घेऊन ती कामकरी बायकांच्या एका वसतिगृहात राहायला गेली. रात्रभर जागी, इथल्या सगळ्या बायका वेड्या दिसतात असं बडबडत. सकाळी पोलीस आले, मग कोर्ट. जज्जसाहेब दयाळू होते बिचारे, ही कुणाची तरी लाडकी लेक असणार म्हणून हळहळले. मग बेलव्ह्यू हॉस्पिटल, तिथे डॉक्टरांनी तपासलं आणि एकाने निदान केलं की ही ठार वेडी आहे, आशा नाही. इतर पेपरांत बातम्याही आल्या, ही अनोळखी सुंदर वेडी कोण म्हणून. म्हणजे इतर रिपोर्टर जिचा शोध घेत होते ती स्वतःच रिपोर्टर होती.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बेटावर पाय ठेवल्या क्षणी तिने सोंग सोडून दिलं. नेहमीसारखी बोलायला लागली, नेहमीसारखी वागायला लागली आणि तिने लिहिलंय की मी जितकी शहाण्यासारखी बोलत गेले तितकी मी त्यांना जास्त वेडी वाटत गेले. वेडाचं सोंग एका रात्रीत पटलं, शहाणपण मात्र कुणालाच पटेना.

पहिल्या संध्याकाळची आंघोळ ऐका. गार पाण्याचा टब, त्याच पाण्यात एकीनंतर एक बाई. मग अंगावर, डोक्यावर बर्फासारख्या पाण्याच्या बादल्या, एक, दोन, तीन, नाकातोंडात पाणी जाऊन जीव गुदमरला, बुडणाऱ्या माणसाला काय वाटत असेल ते कळलं म्हणते. अंग न पुसताच एक आखूड झगा चढवला, त्याच्या काठावर काळ्या मोठ्या अक्षरात छापलेलं: वेड्यांचं इस्पितळ, ब्लॅकवेल्स आयलंड, हॉल सहा. घरचे कपडे गेले, शेवटचं स्वतःचं असं काही राहिलं नाही. ओल्या केसांनी थंडीत कुडकुडत रात्र. खायला वाळका पाव, खवट लोणी, मोजून पाच सुके आलुबुखारे. एकदा पावाच्या तुकड्यात कोळी निघाला. आणि सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत लाकडी बाकावर ताठ बसून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, वाचायला काही नाही. ती विचारते, धडधाकट बाईला असं बसवून ठेवा, तिचं काय होईल सांगा.

तिथे टिली मेयर्ड नावाची एक मुलगी होती. आजारातून नुकतीच उठलेली, तिला वाटलं विश्रांतीसाठी पाठवतायत आणि आली ती इथे. ती डॉक्टरांना विनवत होती, मी शहाणी आहे, माझी परीक्षा तरी घ्या. घेतली नाही. आणि लुईस शान्झ नावाची एक जर्मन बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं. बस, एवढंच. तिचं म्हणणं काय आहे हे तिच्या भाषेत कुणी विचारलंच नाही, दुभाषी बोलावला नाही, शिक्का मारला आणि आत टाकलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत आजारी पडलेल्या आपल्या कुणाही माणसाने ही गोष्ट वाचावी, पोटात गोळा येतो. (पंडिता रमाबाई त्याच काळात अमेरिकेत होत्या, १८८६ ते १८८८. आनंदीबाई जोशींनी एमडी केलं तेही याच पेनसिल्व्हेनियात, १८८६ मध्ये. म्हणजे आपल्या बायकांनी बघितलेली अमेरिका आणि ही अमेरिका एकाच वेळची.)

दहा दिवसांनी पेपरच्या वकिलाने तिला सोडवलं. बाहेर पडताना आनंद झाला नाही, असं ती लिहिते, कारण मागे राहिलेल्या बायका डोळ्यासमोरून जाईनात. ऑक्टोबरमध्ये दोन रविवारी मजकूर छापला, शहर हादरलं, ग्रँड ज्युरी, म्हणजे चौकशीसाठी कोर्टाने नेमलेलं नागरिकांचं मंडळ, चौकशीला निघाली आणि तिलाच बरोबर घेऊन बेटावर गेली. तोवर आत खबर पोचलेली. स्वयंपाकघर लख्ख घासलेलं, मिठाची दोन पिंपं दारापाशीच दिसतील अशी ठेवलेली, कारण बेचव जेवणाबद्दल तिने लिहिलं होतं ना, आणि पाव पांढराशुभ्र. तिने नावं घेतलेल्या बऱ्याच बायका दुसरीकडे हलवलेल्या. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना फासणं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण ज्युरीने तिच्यावर विश्वास ठेवला आणि शहराने वेड्यांच्या देखभालीसाठी पूर्वीपेक्षा १० लाख डॉलर जास्त मंजूर केले.

पुढे ती ७२ दिवसांत जगप्रदक्षिणा करून आली, १८८९-९० मध्ये, चौकटीचा कोट आणि हातात एक छोटी बॅग घेऊन. सगळीकडे तोच फोटो दिसतो, तेच सांगतात. माझ्या मते त्या ७२ दिवसांपेक्षा ते दहा दिवस कितीतरी मोठे आहेत.

आणि ती एकटी नव्हती. तिच्या पाठोपाठ अमेरिकाभर पेपरांनी अशा मुली शोधल्या. मिनेसोटात एव्हा मॅकडोनल्ड 'एव्हा गे' या नावाने कारखान्यांत शिरली, पुढे ती कामगार चळवळीतच गेली. शिकागोत हेलन क्युसॅक, मूळची शाळामास्तरीण, तिने 'नेल नेल्सन' नावाने १८८८ च्या उन्हाळ्यात एकामागून एक कारखान्यांत नोकरी धरली, कोंदट खोल्यांत नगावर पैसे मिळणाऱ्या पोरींच्या शेजारी बसून शिवणकाम केलं आणि 'शिकागो टाइम्स'मध्ये हिशेबासकट छापलं. सॅन फ्रान्सिस्कोत विनिफ्रेड ब्लॅक, पेपरातलं नाव 'अ‍ॅनी लॉरी', हेही एका गाण्यातलंच. ती १८९० मध्ये फाटके कपडे घालून भर रस्त्यात चक्कर आल्यासारखी पडली, गरीब बाईला सरकारी दवाखान्यात कसं वागवतात ते बघायला. मोहरी घातलेलं गरम पाणी पाजून ओकायला लावलं तिला. तिचा लेख आला आणि शहरात अ‍ॅम्ब्युलन्स आली.

लोक त्यांना 'स्टंट गर्ल' म्हणायचे, म्हणजे कसरती करणाऱ्या. हे मला पटत नाही. पुरुष रिपोर्टर शिवणकामाच्या खोलीत किंवा बायकांच्या वॉर्डात जाऊच शकत नव्हता, तिथे बाईलाच प्रवेश होता, आणि ज्या बाईपणामुळे त्यांना फॅशनच्या पानावर बसवलं होतं तेच घेऊन त्या आत गेल्या. एक गोष्ट मात्र खरी, ही दारं गोऱ्या मुलींसाठीच उघडली. त्याच काळात कृष्णवर्णीय आयडा बी. वेल्स 'आयोला' या नावाने लिहायची, तिने लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने खटल्याशिवाय माणसं मारण्याविरुद्ध, लिहिलं आणि १८९२ मध्ये मेम्फिसमधल्या तिच्या पेपरचं ऑफिस जमावाने फोडलं.

शेवटी शिकागोला परत जाऊ. डिसेंबर १८८८, पेपर तोच, 'शिकागो टाइम्स'. एक तरुण मुलगी शहरातल्या डॉक्टरांच्या दारात जाते, एकामागून एक, आणि हळू आवाजात सांगते, माझं लग्न झालेलं नाही आणि मी अडचणीत आहे, मदत कराल का? गर्भपात तेव्हा कायद्याने गुन्हा. कोण नाही म्हणतं, कोण उपदेश करतं, कोण किंमत सांगतं, सगळं पेपरात छापून येतं, डॉक्टरांच्या नावानिशी. दार ठोठावण्याआधी रोज नव्याने तीच लाज तोंडावर आणायची आणि तेच वाक्य म्हणायचं.

डॉक्टरांची नावं आजही त्या अंकांत वाचायला मिळतात. ती कोण होती, कुठून आली, पुढे तिचं काय झालं, हे आजवर कुणाला ठामपणे सांगता आलेलं नाही. लेखाखाली टोपणनावसुद्धा नाही, फक्त दोन शब्द आहेत: गर्ल रिपोर्टर.