गोळी गरम पडते म्हणून दूध

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'आतड्याचा संसर्ग आणि अँटिबायोटिक'. मी मात्र म्हशीच्या दुधापासून सुरू करतो. सांगलीत आहे, खपून जाईल.

प्रॅक्टिस नवी होती. मिरजेकडचे एक गवळी आले. पोटात मुरडा, अंगात ताप, शौचाला आव आणि रक्त. मी सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी लिहिली, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी गडी परत दारात, फरक काही नाही. मला वाटलं, जंतू गोळीला दाद देत नाहीत. आपल्याकडे शिगेला, म्हणजे रक्ती आव करणारे जंतू, आणि टायफॉइडचे जंतू सिप्रोला सर्रास जुमानत नाहीत, तेव्हा शंका काही वेडी नव्हती. दुसरी गोळी लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "एक गोळी चुकीवली न्हाई डाक्टर. गरम पडू नये म्हनून दरटायमाला मीच तांब्याभर दूध देतीया की!"

तांब्याभर! बरं, फुलपात्र असतं तर मी निदान हसलो असतो.

दुधातलं कॅल्शियम सिप्रोला धरून बसतं, मग ती रक्तात पुरेशी उतरत नाही. आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या जंतूंपर्यंत औषध जायचं कसं? गोळी तीच ठेवली, दूध सोडवलं, दोन दिवसांत माणूस धारेला बसला. आपोआपही बरा झाला असता कदाचित, पण किस्सा माझा आहे, श्रेय मी घेणार. चूक तरी कुणाची? 'गोळी कशाबरोबर घेता?' हे मीच विचारलं नव्हतं. आजही चिठ्ठीवर 'जेवणानंतर' एवढंच लिहून मोकळे होतात सगळे. आणि 'गरम पडतं' हा शब्द कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात नाही, मात्र घरोघरी आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता.

साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही; ओआरएस लागतं, लहान मुलांना जोडीला १४ दिवस झिंक. रक्त आणि ताप असेल, टायफॉइड किंवा कॉलऱ्याचा संशय असेल, तर गोळीचा विचार. शिगेलाला हल्ली बऱ्याचदा ॲझिथ्रोमायसिन, साधारण तीन दिवस, टायफॉइडला आठवडाभर. कॉलऱ्यात मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस, पण जीव वाचवतं ते पाणीच. रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. ई. कोलाय नावाच्या आतड्यातल्या जंतूंचे काही प्रकार असे, की अँटिबायोटिकने उलट मूत्रपिंडाला धोका वाढू शकतो. म्हणून शंका आली की शौचाची तपासणी. आणि सिप्रो दुधाच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी.

मागे काकूंनी हात वर केलाय. काय म्हणता? ताक चालेल का? काकू, ताक कशाचं करता तुम्ही?