मांजराचं पाणी ताटातून जातं

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या हवेचं आपल्याला कौतुक आहे, आणि ते खोटं नाही. पण चैत्र सरला की ती गार हवा रात्रीपुरतीच उरते. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या घरात तर बसवत नाही. आमचं घर पंचवटीत, जुन्या वाड्यात. भिंती जाड, खाली शहाबादी फरशी. तरी गेल्या वैशाखात आमचा बोका, गुंड्या, दिवसभर मोरीत जाऊन पडायला लागला. खाणं निम्म्यावर आलं. घरातले म्हणाले, उन्हाळाच आहे, आपल्याला तरी कुठे जेवण जातंय. मीही तेच धरून बसले.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मोरीत पुन्हापुन्हा लघवीला बसत होता आणि थेंबही पडत नव्हता. आवाज असा काढत होता, जो मी त्याचा कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, मूत्रमार्ग तुंबलाय, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाइन लावलं. गुंड्या वाचला. त्या तीन दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी डॉक्टरांना जे जे विचारत राहिले, ते आज तुम्हाला सांगायचंय.

पहिली गोष्ट, मांजराला तहान मुळातच कमी लागते. आपल्या घरातली मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरांच्या वंशातली. तो मुलूख कोरडा. तिथे पाण्याचा डोह शोधत कोण हिंडणार? उंदीर मारायचा, पाखरू धरायचं आणि त्यातूनच पाणी मिळवायचं. उंदराच्या अंगात वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. शिवाय मांजराची मूत्रपिंडं लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतात. म्हणजे मांजराचं पाणी वाटीतून कमी आणि ताटातून जास्त जातं. हे एक कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

आता आपण काय करतो बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, पेलाभर म्हणा. पाकिटातल्या सुक्या दाण्यांत पाणी असतं १० टक्क्यांच्या आत-बाहेर. दिवसाला ६० ग्रॅम दाणे खाल्ले, तर त्यातून चहाच्या चमच्याएवढं पाणी गेलं. उरलेला सगळा पेला त्याने जिभेने लपलपून भरून काढायचा. मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून वर ओढतं, सेकंदाला चारेक वेळा, आणि दर वेळी तोंडात जातात ते थेंबभरच. थंडीत हे कसंबसं निभतं. उन्हाळ्यात आधी भूक मरते, म्हणजे ताटातलं पाणीही बंद होतं, आणि तहान तर आधीपासूनच कमी. लघवी घट्ट होते, त्यात बारीक खर साचते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबतो. आमच्या घरात हेच झालं.

म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं खाण्याबद्दल आहे. जेवण सकाळी ऊन चढायच्या आत आणि मग दिवेलागणीनंतर द्या. दुपारी मागे लागू नका. थोडं थोडं, तीन-चार वेळा द्या. सुके दाणे घालत असाल तर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. गुंड्याने पहिले दोन दिवस भिजवलेल्या दाण्यांना तोंड लावलं नाही. मग मी चार कोरड्या दाण्यांत एक ओला, असं सुरू केलं. दोन आठवड्यांत ताट पूर्ण ओलं झालं. घाई केलीत तर मांजर हटून बसतं, तेवढं सांभाळा.

चिकन उकडलंत तर ते पाणी फेकू नका, तेच मांजराचं सरबत. पण बिनमिठाचं हवं, आणि कांदा-लसूण त्यात अजिबात नको. आपला जिल्हा लासलगावच्या कांद्याचा, आपला कुठलाही रस्सा कांद्याशिवाय होत नाही. पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यातली पूड असो. तेव्हा फोडणी पडण्याआधी मांजराचा वाटा बाजूला काढायचा. सुकट-बोंबील देत असाल तर त्यात मीठ असू शकतं. चांगले भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग उकडून द्यायचे.

आणि दूध. मांजर डोळे मिटून दूध पितं हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि पितंही आवडीने. पण वाढत्या वयात बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची ताकद ओसरते. पोट बिघडतं, जुलाब होतात, आणि जेवढं पाणी आत गेलं त्याहून जास्त बाहेर जातं. माझ्या आजीने आयुष्यभर मांजरांना दूध-पोळी घातली, मायेनेच घातली. तरी या दिवसांत दूध नकोच.

ओलं खाणं उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही. तासाभरात खाल्लं नाही तर उचला. फ्रिजमधलं तसंच गार पुढे ठेवू नका. मांजर चवीआधी वासावर ठरवतं आणि गार अन्नाला वास येत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न कोमट करा. निम्मी मांजरं एवढ्यानेच जेवायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

पाण्याच्या भांड्याचं म्हणाल, तर कुंभाराकडून मातीचे परळ आणा. उथळ आणि रुंद असतात, मिशा कडेला घासत नाहीत, ते मांजरांना बरं वाटतं. शिवाय माठासारखंच, मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून हे इथे छान जमतं. स्टीलची वाटी उन्हाच्या तिरिपेत तापते. परळ ताटाच्या शेजारी ठेवू नका, शी-शूच्या पेटीपाशी तर नाहीच. माजघरात एक, जिन्याखाली एक, गॅलरीच्या सावलीत एक. दिवसातून दोनदा पाणी बदला आणि हाताने घासून घ्या, कडेला बुळबुळीत थर धरतो. काही मांजरांना वाहतं पाणीच आवडतं. तुमचं मांजर नळापाशी जाऊन बसत असेल तर दोन मिनिटं बारीक धार सोडा.

आता धोक्याच्या खुणा. हिरडीला बोट लावा. ओली, गुळगुळीत हवी. चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी, मात्र म्हाताऱ्या मांजरात ही खूण फसवते. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते उन्हाने लागलंय असं समजा. सावलीत न्या, पंजे, कान, पोट साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. तोंडात जबरदस्तीने पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नको, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तर थांबू नका. जाड मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागतं. आणि बोका लघवीला बसून कुंथतोय, होत काही नाही, असं दिसलं तर त्याच तासाला निघा. मी दोन दिवस उन्हाळ्याचं नाव पुढे केलं, ते मला अजून डाचतं.

ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनाही एक विनंती. अक्षय्य तृतीयेला आपण पाण्याने भरलेला घट दान देतो, रस्त्यावर पाणपोया लागतात. तसाच एक परळ जिन्याखाली किंवा भिंतीच्या सावलीत ठेवा. पाणी रोज ओतून द्या, डास होणार नाहीत. आमच्या वाड्यात तीन भटकी मांजरं येतात, त्यातली एक पोटुशी आहे. दिवसा कुणी दिसत नाही. पहाटे चारच्या सुमारास लपलप ऐकू येते. तेव्हा परळ सकाळी नको, रात्री दाराला कडी लावण्याआधी भरा. पहाटे तेच पाणी सगळ्यात गार असतं.

नमस्कार.